आज्ञा कोणाची? : गिरगाव, परळ, दादर आणि नीतीचा एक जुना प्रश्न

वडील गेले त्याला आता सतरा वर्षे झाली. दहाव्या दिवशी आम्ही वाळकेश्वरला बाणगंगेवर गेलो होतो. पिंड ठेवला, सगळे मागे सरकलो आणि कावळ्याची वाट पाहू लागलो. कावळे होते, समोरच्या कठड्यावर ओळीने बसलेले होते. पण एकही खाली येईना. अर्धा तास गेला. काका पुढे झाले आणि मला म्हणाले, "त्याची काहीतरी इच्छा राहिली असणार. हात जोड आणि म्हण, मी पुरी करीन." मी हात जोडले, पण तोंडातून शब्द फुटेना. वडिलांची इच्छा काय होती ते तिथे उभ्या असलेल्यांपैकी फक्त मला ठाऊक होते. 'माझे दिवसवार करू नका,' असे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून माझ्याकडे दिले होते आणि मी "बरं" म्हणालो होतो. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवला आणि आम्ही घरी आलो.

वडील गिरगावातल्या एका छापखान्यात खिळे जुळवण्याचे काम करत. दिवसभर दुसऱ्यांची पुस्तके उलटी वाचता वाचता त्यांचा देवावरचा विश्वास कधी गेला, ते त्यांनाही सांगता येत नसे. शेजारच्या खोलीतल्या काकूंना मात्र या गोष्टीचा फार घोर होता. एकदा गणपतीच्या दिवसांत, गॅलरीत निवडायला मेथी घेऊन बसलेल्या असताना, त्यांनी वडिलांना सरळ विचारले, "देव नाही म्हणता, मग तुम्हाला खोटंनाटं करायला अडवतं तरी कोण?" वडील म्हणाले, "काकू, उद्या देव नाही असं तुम्हाला पक्कं कळलं, तर माझ्या घरातलं भांडं उचलून न्याल का?" "शी, मी कशाला नेईन?" "मग झालं की." काकूंनी दोन काड्या निवडल्या आणि म्हणाल्या, "मी नाही नेणार. पण सगळी माणसं काय माझ्यासारखी असतात?"

तेव्हा मला वाटले, वडील जिंकले. आता वाटते, दोघेही आपापल्या जागी बरोबर होते आणि दोघेही वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत होते. वडील बोलत होते ते नीतीच्या आधाराबद्दल : चोरी वाईट का? काकू बोलत होत्या धाकाबद्दल : चोराला रोखणार कोण? या दोन प्रश्नांची गल्लत आपल्याकडे सतत होते. ती कुठून सुरू झाली आणि कोणी सोडवायचा प्रयत्न केला, ते शोधत गेलो तेव्हा लक्षात आले, की त्यासाठी फार लांब जायला नको. गिरगाव चौपाटीपासून दादरच्या हिंदू कॉलनीपर्यंतच्या काही मैलांत, साधारण शंभर वर्षांत, या प्रश्नाची बहुतेक सगळी उत्तरे देऊन झालेली आहेत. त्यातल्या काहींची किंमत देणाऱ्यांना जबर मोजावी लागली.

१

प्रश्न जुना आहे. प्लेटोच्या 'युथिफ्रो' या संवादात न्यायाधिकाऱ्याच्या दालनाबाहेर सॉक्रेटिसला युथिफ्रो भेटतो. एका मजुराच्या मृत्यूबद्दल तो स्वतःच्या वडिलांवर खटला भरायला आलेला असतो आणि आपण करतो ते देवांना मान्यच आहे, अशी त्याची खात्री असते. सॉक्रेटिस त्याला विचारतो : एखादी गोष्ट देवांना आवडते म्हणून पवित्र ठरते, की ती मुळात पवित्र असते म्हणून देवांना आवडते? पहिले उत्तर घ्यावे तर देवाने उद्या खून करायला सांगितला तर तोही पवित्र म्हणावा लागेल. दुसरे घ्यावे तर चांगल्याचे चांगलेपण देवाच्या आधीचे ठरते. युथिफ्रोला उत्तर सापडत नाही आणि काम आहे असे सांगून तो निघून जातो.

आपल्याकडे हाच प्रश्न वेगळ्या वाटेने आला. जैमिनीने धर्माची व्याख्या केली ती विधीच्या, म्हणजे वेदातल्या आज्ञेच्या, आधारे. पण मीमांसकांच्या मते वेद अपौरुषेय. ते कोणी रचलेले नाहीत, देवानेसुद्धा नाहीत. कुमारिल भट्टासारख्यांनी तर सर्वज्ञ सृष्टिकर्त्याची कल्पनाच खोडून काढली. म्हणजे आज्ञा आहे, पण आज्ञा देणारा नाही! मला हे पहिल्यांदा वाचले तेव्हा केवळ पंडिती कसरत वाटली होती. आता तसे वाटत नाही. त्याकडे शेवटी येईन.

मनुस्मृतीत धर्म ओळखण्याची चार साधने सांगितली आहेत : श्रुती, स्मृती, सज्जनांचा आचार आणि ज्याने स्वतःच्या मनाचे समाधान होते ते. चौथे साधन सहज वाचले तर त्यात मोठी मोकळीक दिसते. टीकाकारांना तो धोका कळला होता. म्हणून त्यांनी हे समाधान वेद जाणणाऱ्या सज्जनांपुरते राखून ठेवले. शतकानुशतके ते दार लोटलेलेच राहिले. एकोणिसाव्या शतकात मुंबईत काही माणसांनी ते ढकलून पाहिले.

२

सुरुवात समुद्रकिनाऱ्यावर झाली. १८५७ च्या जानेवारीपासून काही महिने गिरगावच्या किनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांच्यात जाहीर वाद झाले. बुवांचे मूळ नाव विष्णू भिकाजी गोखले. मिशनऱ्यांच्या बाजूला जॉर्ज बोवेन हा अमेरिकन पाद्री होता आणि त्याने त्याच वर्षी या वादांचा वृत्तान्त इंग्रजीत छापला. वाळूवर लोकांची गर्दी जमे, प्रश्नोत्तरे होत, सूर्य बुडाला की सभा उठे.

या वादांत दोन्ही बाजू एकमेकांचे एकही म्हणणे मान्य करत नसत, तरी एका गोष्टीवर त्यांचे पूर्ण एकमत होते : चांगले काय ते देवाच्या ग्रंथातून कळते. भांडण होते ते ग्रंथ कोणता याबद्दल. पण या भांडणाचा एक परिणाम दोघांच्याही ध्यानात आला नसावा. एक ग्रंथ दुसऱ्यापेक्षा सरस ठरवायचा तर मोजमाप लागते. मिशनरी पुराणातल्या देवांच्या वागण्यावर बोट ठेवत, बुवा बायबलातल्या गोष्टींवर. असे वागणे देवाला शोभत नाही, असे म्हणणारा माणूस देवालाही लावता येईल अशी फूटपट्टी आधीच हातात घेऊन बसलेला असतो. ती कोणत्या ग्रंथातून आली, हे वाळूवर बसलेल्या श्रोत्यांपैकी कोणाच्या तरी मनात आले असेलच.

आणि बुवा स्वतः केवळ ग्रंथरक्षक नव्हते. १८६७ साली त्यांनी 'सुखदायक राज्यप्रकरणी निबंध' लिहिला. सर्वांची जमीन एक, सर्वांचे अन्न एका कोठारातून, अशा समाजाचे चित्र त्यात आहे. वेदाचा अभिमानी माणूस राज्याची परीक्षा मात्र 'सुखदायक' या शब्दाने करतो, हे मला लक्षणीय वाटते.

३

किनाऱ्यावर उघड चर्चा चालली होती, तेव्हा त्याच शहरात बंद दाराआडही एक चर्चा चालू होती. १८४९ च्या सुमारास स्थापन झालेली परमहंस सभा ही गुप्त मंडळी होती. दादोबा पांडुरंग तर्खडकर हे तिचे प्रेरणास्थान आणि रामचंद्र बाळकृष्ण जयकर हे अध्यक्ष. देव एक, मनुष्यजात एक, प्रत्येकाला विचाराचे स्वातंत्र्य, आणि रोजचे बोलणे-वागणे विवेकाला धरून असावे, ही त्यांची तत्त्वे. दादोबांनी ती 'धर्मविवेचन' या पुस्तकात मांडली. पण पुस्तकावर लेखक म्हणून 'एक जगद्वासी आर्य' एवढेच छापले. मराठीचे व्याकरण ज्याच्या नावाने ओळखले जाते, त्या माणसाला आपल्या श्रद्धेखाली सही करता आली नाही.

सभेत प्रवेश घेताना ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. आज हे ऐकून हसू येते. वडापावच्या गाडीपुढे उभे राहून तर फारच. पण त्या काळी तो पाव पोटात गेल्याचे बाहेर कळले असते तर माणूस जातीतून गेला असता. १८६० साली सभासदांची यादी चोरीला गेली, नावे फुटण्याची भीती पसरली आणि सभा पाहता पाहता विरून गेली. हे लोक देवाच्या कोपाला भ्याले नव्हते. जातीची आज्ञा देवाची नाही, हे त्यांनी मनोमन ठरवून टाकले होते. ते भ्याले ते सासरच्या माणसांना, जातीच्या पंचायतीला, मुलीच्या लग्नाला. आज्ञेतून देव वजा केल्यावर जे उरले तेही तेवढेच वजनदार निघाले.

सात वर्षांनी, ३१ मार्च १८६७ रोजी, प्रार्थना समाजाची स्थापना झाली. ती दादोबांचे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने. पुढे न्या. महादेव गोविंद रानडे, रा. गो. भांडारकर, नारायण चंदावरकर यांनी त्याला आकार दिला. गिरगावात समाजाचे मंदिर उभे राहिले आणि आजही बसचा वाहक "प्रार्थना समाज" असे ओरडतो. उतरणाऱ्यांपैकी किती जणांना त्या दोन शब्दांमागची खळबळ ठाऊक असते कोण जाणे.

समाजाचे लोक ईश्वर मानत, त्याची प्रार्थना करत, तुकोबांचे अभंग गात. पण कोणताही ग्रंथ ईश्वराने सांगितलेला नाही आणि ईश्वर अवतार घेत नाही, हे त्यांच्या मूलतत्त्वांत होते. याचा अर्थ काय होतो पाहा. ईश्वर आहे, पण त्याने लेखी हुकूम काढलेला नाही आणि तोंडी निरोप द्यायला तो कधी आलेला नाही. मग त्याची इच्छा कळायची कशी? त्यांचे उत्तर : अंतःकरणात. मनुचे चौथे साधन त्यांनी पहिल्या नंबरावर आणले आणि वेदज्ञ सज्जनांची अट काढून टाकली.

यात एक अडचण होती आणि ती त्यांच्या विरोधकांनी ताबडतोब हेरली. माझे अंतःकरण एक सांगते, शेजाऱ्याचे दुसरे. मग देव कोणाच्या बाजूने? याला ग्रंथातून उत्तर देणे शक्य नव्हते. उत्तर कामातूनच द्यावे लागले. मजुरांसाठी रात्रीच्या शाळा, पंढरपूरचा अनाथ मुलांचा आश्रम आणि १९०६ साली परळला विठ्ठल रामजी शिंदे यांनी सुरू केलेली अस्पृश्य मुलांची शाळा, म्हणजेच पुढचे निराश्रित साहाय्यकारी मंडळ. सगळी माणसे एका ईश्वराची लेकरे, असे रविवारी म्हणायचे आणि सोमवारी त्यातल्या एका लेकराला शिवायचे नाही, ही विसंगती शिंद्यांना सहन झाली नाही. गिरगावचे तत्त्व परळपर्यंत नेणारा हा माणूस. पण समाजातल्याच कित्येकांना तेवढे अंतर फार वाटले.

रानड्यांचीच गोष्ट घ्या. विधवाविवाहाच्या चळवळीतले ते अग्रणी. १८७३ साली त्यांची पहिली पत्नी वारली. मुलगा आता विधवेशी लग्न करणार, या धास्तीने वडिलांनी घाईने दुसरे लग्न ठरवले. एकतीस वर्षांच्या रानड्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी विवाह केला. ती मुलगी म्हणजे रमाबाई रानडे. पुढे १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याचे प्रकरण झाले, नावे वर्तमानपत्रात आली आणि रानड्यांनी कालांतराने प्रायश्चित्तही घेतले. पाव आणि चहा : तीस वर्षांत फरक एवढाच पडला होता.

रानड्यांवर यासाठी टीका करणे सोपे आहे आणि ती त्यांच्या हयातीत भरपूर झाली. मी ती करू शकत नाही. ज्याने दर्भाचा कावळा पाहिला आहे त्याने गप्प बसावे. पण एक निरीक्षण नोंदवतो. रानड्यांनी दोन्ही वेळा शास्त्राची आज्ञा खरी मानून मान तुकवली नाही. पहिल्या वेळी समोर वडील होते, दुसऱ्या वेळी समाज. देव दोन्ही वेळा गैरहजर होता.

४

परळ-लालबागकडे वळले की प्रश्नाचा सूर बदलतो. गिरगावात प्रश्न होता, मला देवाची इच्छा कशी कळेल? इथला प्रश्न होता, देवाची इच्छा म्हणून आमच्यावर हे लादले कोणी?

जोतीराव फुल्यांनी त्याचे उत्तर दिले. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त ते ईश्वराला 'निर्मीक' म्हणतात. फुले नास्तिक नव्हते. पण त्यांचा युक्तिवाद सॉक्रेटिसच्या प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूने जातो. निर्मीक सर्वांचा निर्माता, म्हणून तो अन्यायी असू शकत नाही. जो ग्रंथ माणसामाणसांत, स्त्रीपुरुषांत भेद करतो तो त्यामुळेच त्याचा असू शकत नाही. इथे न्याय आधी येतो आणि ग्रंथाची परीक्षा मागून होते. देव काढून टाकण्याऐवजी फुल्यांनी देवाच्या नावाने सही करणारे मध्यस्थ काढून टाकले.

त्यांचे सत्यशोधक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे मुंबईत 'दीनबंधु' चालवत. १८८४ च्या सप्टेंबरात परळच्या सुपारीबागेत त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. आठवड्याला एक सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सूर्यास्तानंतर काम नाही, पगार वेळेवर, अशा मागण्यांच्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. १८९० च्या एप्रिलात महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले आणि त्याच वर्षी जूनमध्ये गिरणी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, तो कामगाराला कुलदैवतासाठी मिळाला पाहिजे, हे कारणही लोखंड्यांनी पुढे केल्याचे सांगितले जाते.

मला ही गोष्ट फार आवडते, कारण आधार आणि धाक यांच्या पलीकडचे देवाचे एक तिसरे काम त्यात दिसते. सुटी न्याय्य होती ती खंडोबाने सांगितले म्हणून नव्हे. पहाटेपासून अंधारापर्यंत साच्यावर उभे राहणाऱ्या माणसाची पाठ आणि डोळे तिचे कारण होते. पण मालकापुढे "माझी पाठ दुखते" म्हणायला ज्याला लाज वाटे, तो "आज माझ्या देवाचा वार आहे" हे मान वर करून म्हणू शकत होता. देवाने इथे दुबळ्याला भाषा दिली. माझी आजी लालबागच्या गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. रविवारी ती खंडोबाचे नाव घेऊन उशिरा उठे. तिच्या झोपेत नीती किती आणि भक्ती किती, हे मला कधी वेगळे करता आले नाही.

५

देव अजिबात नको आणि नीती मात्र हवी, हे मराठीत निर्भयपणे प्रथम सांगितले ते पुण्यात गोपाळ गणेश आगरकरांनी. १८८८ साली 'सुधारक' काढून, आणि एकोणचाळीसाव्या वर्षी मरेपर्यंत, ते हे सांगत राहिले. मुंबईत ते टोकापर्यंत नेले रघुनाथ धोंडो कर्व्यांनी.

कर्वे गणिताचे प्राध्यापक, गिरगाव चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजात. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. या कामामुळे १९२५ साली त्यांची मिशनरी कॉलेजातली नोकरी गेली. विष्णुबुवांनी जिथे मिशनऱ्यांशी वाद घातला होता, तिथून हाकेच्या अंतरावर. १९२७ च्या जुलैत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले आणि १९५३ साली मरेपर्यंत, अखेरीस तर जवळजवळ एकट्याने, चालवले.

कर्व्यांची कसोटी गणितज्ञाला शोभेल इतकी आखूड आहे : या कृत्याने दुसऱ्या कोणाचे नुकसान होते का? होत नसेल तर त्याला अनीती म्हणायचा अधिकार कोणालाही नाही, देवालाही नाही. या एका वाक्याच्या जोरावर त्यांनी लग्न, व्यभिचार, ब्रह्मचर्य, वेश्याव्यवसाय, नग्नता अशा विषयांवर लिहिले आणि वाचकांच्या खासगी पत्रांना मासिकातून उत्तरे दिली. १९३१ साली व्यभिचारावरच्या लेखाबद्दल त्यांच्यावर खटला होऊन शंभर रुपये दंड झाला. १९३४ साली वाचकांच्या प्रश्नोत्तरांवरून दुसरा खटला झाला. तेव्हा कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, दंड झाला, पण तो एक दिवस मला महत्त्वाचा वाटतो. एकाच्या मते धर्म ही माणसाच्या सुखातली अडगळ, दुसऱ्याच्या मते धर्माशिवाय समाज उभा राहू शकत नाही. तरी न्यायालयात दोघे एका बाजूला होते.

कर्व्यांची उणीव त्यांच्या नेमकेपणातच होती. 'दुसऱ्याचे नुकसान' ही कसोटी उत्तम, पण 'दुसरा' कोण? ज्याला आपण माणसातच धरत नाही त्याचे नुकसान आपल्याला नुकसान म्हणून दिसतच नाही. गिरगावातल्या कोणत्या सभ्य घराला वाटत होते, की भंगी कामगाराला वेगळ्या कपात चहा दिल्याने त्याचे काही बिघडते? हा प्रश्न गणिताने सुटणारा नव्हता.

६

तो सोडवायला घेतला परळच्या बी.आय.टी. चाळीत राहिलेल्या आणि नंतर दादरला 'राजगृहा'त राहायला गेलेल्या आंबेडकरांनी.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली. ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे चित्पावन ब्राह्मण होते. जाळण्याने आज्ञा संपली. पण आज्ञेच्या जागी काय आणायचे? १९३६ च्या मे महिन्यात आंबेडकरांनी 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' हे लाहोरला न होऊ शकलेले भाषण स्वखर्चाने छापले. त्याच महिन्याच्या अखेरीस दादरला नायगावात मुंबई इलाखा महार परिषद भरवून धर्मांतराची भूमिका मांडली. ते भाषण 'मुक्ती कोन पथे?' या नावाने प्रसिद्ध आहे. मी ज्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संदर्भ विभागात बसून यातले बरेचसे वाचले, तोही नायगावातच आहे.

'अ‍ॅनिहिलेशन'मध्ये एक भेद केला आहे, जो या साऱ्या चर्चेची किल्ली आहे : नियम आणि तत्त्व. नियम हा पाककृतीसारखा. काय, किती, कधी, ते सांगतो आणि तुमचे काम फक्त करण्याचे. तत्त्व निर्णय घ्यायला दिशा देते, पण निर्णय तुमचा तुम्हाला घ्यावा लागतो. म्हणून नियम पाळणाऱ्याकडून चूक झाली तर जबाबदारी नियमाची. तत्त्वाने वागणाऱ्याची जबाबदारी त्याची स्वतःची. आंबेडकरांचा आक्षेप असा, की ज्याला आपण धर्म म्हणतो तो विधिनिषेधांची यादी आहे आणि जिथे जबाबदारी नाही तिथे धार्मिक कृत्यच संभवत नाही. म्हणजे आज्ञापालनाने माणूस नीतिमान होत नाही. तो फक्त आज्ञाधारक होतो.

शेवटच्या ग्रंथात, त्यांच्या मृत्यूनंतर १९५७ साली मुंबईत प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म'मध्ये, ते आणखी पुढे जातात. इतर धर्मांत जी जागा देवाची, ती धम्मात नीतीची, असे त्यांचे प्रतिपादन आहे. माणसाने माणसावर प्रेम करण्याची गरज हाच नीतीचा उगम. तिला देवाच्या मान्यतेची जरुरी नाही. पण ते कर्व्यांसारखे इथे थांबत नाहीत. प्रत्येक टोळीची स्वतःपुरती नीती असतेच, चोरांचीसुद्धा. अशा नीतीतूनच जात टिकते. म्हणून नीती सर्वांसाठी एक हवी आणि तिला पावित्र्यही हवे. काकूंचा प्रश्न, 'सगळी माणसं काय माझ्यासारखी असतात?', आंबेडकरांनी इतका गंभीरपणे घेतला, की त्याच्यासाठी धर्म बदलला. फक्त धाकाच्या जागी त्यांनी बंधुभाव ठेवला.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी अनुयायांना दिल्या त्या बावीस प्रतिज्ञा होत्या. आज्ञा नव्हत्या, या फरकाकडे माझे लक्ष उशिरा गेले. आज्ञा दुसरा देतो. प्रतिज्ञा माणूस स्वतः घेतो आणि मोडली तर स्वतःपुढेच खोटा पडतो.

७

आता माझ्या मोडलेल्या शब्दाकडे येतो.

इतकी वर्षे मी स्वतःला सांगत आलो, की दिवसवार केले ते आईसाठी. तिचा देवावर विश्वास होता. वडिलांचे वचन एका बाजूला आणि जिवंत आईचे दुःख दुसऱ्या बाजूला. मी जिवंत माणूस निवडले. कर्व्यांची कसोटी लावली तरी उत्तीर्ण होईन, असे मला वाटे. गेल्या वर्षी आईच्या आजारपणात एका रात्री हा विषय निघाला आणि मी तिला त्या चिठ्ठीबद्दल सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला ठाऊक होतं. त्यांनी मलाही सांगितलं होतं. मला वाटलं तुला करायचं आहे, म्हणून मी गप्प बसले."

दुसऱ्या दिवशी काकांना फोन केला. ते आता नव्वदीत आहेत. म्हणाले, "अरे, वहिनींना वाईट वाटू नये म्हणून मी पुढे झालो. माझा कुठे विश्वास होता."

म्हणजे आज्ञा होती, सगळ्यांनी ती पाळली, आणि ती देणारा कोणी नव्हता. मीमांसकांचे अपौरुषेय वाक्य मला तेव्हा कळले. परमहंस सभेची यादी फुटली तेव्हा पळालेले सभासद, प्रायश्चित्ताला बसलेले रानडे आणि बाणगंगेवर हात जोडून उभा असलेला मी, आम्ही सगळे अशाच आज्ञेपुढे वाकलो होतो. ती देवाची असती तर निदान त्याच्याशी भांडता आले असते. फुले भांडले, तुकोबाही भांडले.

नीतीला देव लागतो का, या प्रश्नाचे माझे उत्तर विचाराल तर ते 'नाही' असेच आहे, कारण या शहरातल्या आस्तिकांनीही देवाला मानण्याआधी तो न्यायी आहे की नाही हे तपासून घेतले होते. तपासायला जे वापरले, ती नीती. पण हे उत्तर पुरेसे नाही, हेही आता कळते. देव नाकारून माझे वडील मोकळे झाले होते. मी देव नाकारला आणि तरी मोकळा झालो नाही, कारण एक साधा प्रश्न विचारायचे धैर्य मला झाले नाही : आई, तुला हे हवे आहे का?

आईने तिची चिठ्ठी लिहिली आहे. त्यात काय आहे ते इथे सांगत नाही. या वेळी आम्ही काकांना आणि बहिणीला बोलावून ती सर्वांसमक्ष वाचली आणि ज्याला जे विचारायचे होते ते त्याने विचारले.